व्हर्च्युअल प्रिंटरमधून एसडब्ल्यूएफ फाइल बनत नाहीये, आणि बनली तर पानं आपोआप पळतात

वेलांटी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतेय, जरा लांबण लागेल.

आमच्याकडे यंत्रांच्या देखभालीच्या १४० पुस्तिका आहेत, वर्डमध्ये टाइप केलेल्या, मराठीत. त्या एका जुन्या ऑफलाइन प्रोग्रॅममध्ये दिसतात, डावीकडे यादी, उजवीकडे पुस्तिका, खाली मागे-पुढे जायची बटणं. प्रत्येक पुस्तिका म्हणजे एक एसडब्ल्यूएफ फाइल, म्हणजे फ्लॅश या जुन्या ॲनिमेशन तंत्राची फाइल. ती बनवायची पद्धत अशी की वर्डमधून प्रिंट द्यायचं, प्रिंटरच्या यादीतला एक व्हर्च्युअल प्रिंटर निवडायचा आणि कागदाऐवजी फ्लॅशची फाइल बाहेर पडते. जुन्या ३२ बिट मशीनवर हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं. ते मशीन गेलं. आता ६४ बिटवाल्या विंडोज १० वर त्याच सॉफ्टवेअरची नंतरची आवृत्ती टाकलीय आणि तेव्हापासून सगळं रखडलंय.

प्रिंटर यादीत दिसतो. प्रिंट दिलं की रांगेत जॉब येतो, दोन-तीन सेकंदांत निघून जातो, एरर काहीच नाही, आणि झेड ड्राइव्हवरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये बघावं तर फाइल नाही. अनइन्स्टॉल, परत इन्स्टॉल, रीस्टार्ट, सगळं करून झालं. एकदा वैतागून फाइल डेस्कटॉपवर काढली तेव्हा ती बनली, पण उघडल्यावर पानं एकामागून एक सिनेमासारखी पळायला लागली, वाचायला थांबेचनात. मला प्रोग्रॅमिंग येत नाही पण सांगाल ते नीट करीन. दर महिन्याला दुरुस्त्या येतात आणि माणसं जुनी पानं बघून यंत्राला हात घालतात, ते मला बरं वाटत नाही.

कागदविरहित
वेलांटी, एक मूलभूत प्रश्न. फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला अधिकृतपणे बंद झाला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तर प्लेअरच फ्लॅश चालवायला नकार द्यायला लागला. मग नवीन एसडब्ल्यूएफ बनवण्यापेक्षा थेट पीडीएफवर का जात नाही?

वेलांटी
जायचंच आहे, पण प्रोग्रॅम बदलायचं माझ्या हातात नाही. तो ब्राउझरमध्ये चालत नाही, स्वतःचा प्लेअर पोटात घेऊन आलेली एक्सई फाइल आहे आणि ज्या मशीनवर चालते तिथे इंटरनेटच नाही. नवा प्रोग्रॅम येईपर्यंत दुरुस्त पानं यातूनच पोचवावी लागणार.

रिकामापोर्ट
मग प्रश्न रास्त आहे. जुना प्लेअर नेटपासून लांब आहे ते उत्तम, तसाच लांब ठेवा.

वेलांटी, व्हर्च्युअल प्रिंटर म्हणजे एक वस्तू नसते, साखळी असते, हे आधी डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सोपं जाईल. वर्ड विंडोजला सांगतो हे अक्षर इथे काढ, ही रेघ तिथे काढ. विंडोज त्या सगळ्या सूचना एका तात्पुरत्या फाइलमध्ये साठवतं, ती स्पूल फाइल. मग ड्रायव्हर, म्हणजे त्या सूचना प्रिंटरला समजतील अशा करणारा प्रोग्रॅम, मग पोर्ट, म्हणजे बाहेर पडायचं दार. खऱ्या प्रिंटरला पोर्टच्या पलीकडे केबल असते, इथे पलीकडे एक कन्व्हर्टर बसलेला असतो, तो आलेला माल घेऊन एसडब्ल्यूएफ बांधतो. बिघाड यातल्या नेमक्या कुठल्या कडीत आहे ते कळल्याशिवाय परत परत इन्स्टॉल करून हाती काही लागत नाही, कारण प्रत्येक वेळी तीच कडी तशीच परत बसते.

दोन गोष्टी करा. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर छापून झालेले डॉक्युमेंट ठेवायचा चेकबॉक्स आहे, तो लावा. मग विंडोजच्या सिस्टिम३२ खालच्या स्पूल फोल्डरमधल्या प्रिंटर्स फोल्डरात तुमच्या जॉबची एसपीएल फाइल राहते की नाही आणि तिचा आकार किती ते बघा. दुसरं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंटसर्व्हिसचा ऑपरेशनल लॉग असतो, तो मुळात बंद असतो, चालू करा आणि मग एकदा प्रिंट द्या. ३०७ नंबरची नोंद आली तर विंडोजच्या हिशेबाने डॉक्युमेंट छापून झालं, म्हणजे गडबड त्याच्या पुढे आहे.

वेलांटी
केलं. एसपीएल फाइल आहे, ४ एमबीची. ३०७ ची नोंदही आहे, पानांची संख्या बरोबर, पोर्टचं नाव बरोबर. पण फाइल नाहीच.

रिकामापोर्ट
छान, निम्मी साखळी निर्दोष सुटली. वर्ड ठीक, स्पूलिंग ठीक, जॉब पोर्टपर्यंत पोचला. आता तुमच्या पहिल्या पोस्टमधलंच एक वाक्य परत वाचा. झेड ड्राइव्हवर नाही बनली, डेस्कटॉपवर बनली. झेड हा नेटवर्कवरचा मॅप केलेला ड्राइव्ह आहे का?

वेलांटी
हो!! सर्व्हरवरचा फोल्डर आहे. पण मला तर तो व्यवस्थित दिसतो, त्यात मी इतर फाइली रोज सेव्ह करते.

रिकामापोर्ट
तुम्हाला दिसतो, स्पूलरला दिसत नाही. मॅप केलेलं अक्षर हे लॉगिन केलेल्या माणसापुरतं असतं. स्पूलर ही विंडोजची सेवा, ती तुमच्या नावाने चालत नाही, सिस्टिम नावाच्या खात्यातून चालते आणि त्या खात्याच्या लेखी झेड नावाची चीजच नाही. कन्व्हर्टर स्पूलरच्या हाताखाली सुरू होत असेल तर तो बिचारा फाइल लिहायला जातो, जागा सापडत नाही आणि मुकाट बंद होतो. एरर दाखवायला त्याला तुमच्या स्क्रीनवर यायची मुभाही नाही.

हे मुभेचं प्रकरण जरा सांगतो कारण बऱ्याच जणांचे तास यात गेलेत. एक्सपीपर्यंत सेवा आणि पहिला लॉगिन केलेला माणूस एकाच सेशनमध्ये, म्हणजे विंडोजच्या एकाच खोलीत असायचे, त्यामुळे पोर्टवर बसलेला प्रोग्रॅम 'फाइल कुठे ठेवू' अशी खिडकी सरळ तुमच्यासमोर उघडू शकायचा. व्हिस्टापासून सेवा सेशन शून्यात वेगळ्या टाकल्या, सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण त्या काळातले कितीतरी व्हर्च्युअल प्रिंटर तिथेच अडकले. खिडकी उघडते, पण अशा खोलीत की जिथे कुणी नाही, आणि जॉब रांगेत 'प्रिंटिंग' म्हणत ताटकळत राहतो. विंडोज ७ मध्ये निदान एखादी सेवा काहीतरी विचारतेय असा निरोप यायचा, विंडोज १० च्याच नंतरच्या अपडेट्समधून तीही सोय गेली. तुमचा जॉब अडकत नाही, निघून जातो, म्हणून तुमची केस खिडकीची नसून जागेची वाटते.

उपाय साधा. आउटपुट फोल्डर सी ड्राइव्हवर साध्या नावाचा ठेवा, नाव इंग्रजीत, मध्ये स्पेस नको, आणि त्या फोल्डरवर सिस्टिम खात्याला लिहायची परवानगी आहे ना ते बघा. तिथून झेडवर तुम्ही हाताने कॉपी करा. झेडऐवजी सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्यायचा मोह होईल, पण सर्व्हरसमोर ते खातं तुमच्या नावाने नाही तर मशीनच्या नावाने उभं राहतं आणि बहुतेक ठिकाणी मशीनला आत घेत नाहीत.

वेलांटी
झालं!! पहिल्याच प्रयत्नात फाइल आली. तीन आठवडे मी ड्रायव्हरला दोष देत बसले होते. मनापासून आभार.

आता पळणारी पानं.

कडबोळं
मध्येच घुसतो, माफ करा, माझी अडचण वेगळी आहे. माझ्याकडे विंडोज ११ आहे आणि असाच एक व्हर्च्युअल प्रिंटर टाकायला गेलो तर ड्रायव्हर बसतच नाही.

रिकामापोर्ट
कडबोळं, तुमच्याकडे २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर प्रिंटरच्या सेटिंग्जमध्ये प्रोटेक्टेड प्रिंट मोड चालू आहे का बघा. तो चालू असताना बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर चालत नाहीत. तो बंद असेल तर दुसरी शक्यता म्हणजे ड्रायव्हर ३२ बिटचाच आहे. प्रोग्रॅम ३२ बिट असला तरी ६४ बिट विंडोजवर मधला दुवा साधणारी सोय असते, पण ड्रायव्हरला तशी सवलत नाही, तो विंडोजच्याच बिटांचा लागतो. आणि प्रिंटर शेअर करून दुसऱ्या मशीनवरून घेत असाल तर २०२१ सालच्या प्रिंटनाइटमेअर या स्पूलरमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या प्रकरणानंतर तिथे ॲडमिनचे अधिकार लागतात. यातलं काय निघतं ते वेगळा धागा काढून सांगा, इथे सरमिसळ होईल.

चौकटचाळीस
पळणाऱ्या पानांबद्दल मी बोलतो, फ्लॅशमध्ये बरीच वर्षं काढलीत.

एसडब्ल्यूएफ हा मुळात ॲनिमेशनचा फॉरमॅट. त्याला पान ही कल्पनाच माहीत नाही, त्याला फ्रेम माहीत आहे. कन्व्हर्टर काय करतो, तर प्रत्येक पान एकेका फ्रेमवर ठेवतो. प्लेअरचा स्वभाव पुढे जात राहण्याचा, फ्रेम रेट १२ असेल तर सेकंदाला १२ पानं, शेवटाला पोचला की परत पहिल्यापासून. त्याला थांबवायचं तर प्रत्येक फ्रेमवर 'थांब' अशी एक आज्ञा लिहावी लागते. व्हर्च्युअल प्रिंटर ती आज्ञा बहुतेक वेळा स्वतःच्या टूलबारसोबत, म्हणजे झूम आणि पुढे-मागेच्या पट्टीसोबत घालतात. तुम्ही तो टूलबार बंद केलाय का?

वेलांटी
हो, सेटिंगमध्ये 'साधी फाइल' निवडलंय, कारण प्रोग्रॅमची स्वतःची बटणं आहेत आणि दोन-दोन पट्ट्या दिसल्या की माणसं गोंधळतात. जुन्या मशीनवर काय निवडलेलं होतं ते आता आठवत नाही.

चौकटचाळीस
तिथेच आहे. त्याच पानावर 'प्रत्येक पानावर थांबा' अशा अर्थाचा वेगळा पर्याय आहे का बघा, बऱ्याच ठिकाणी तो दुसऱ्या टॅबमध्ये लपलेला असतो. नसेलच तर दुसरा रस्ता आहे, मला तर तोच जास्त आवडतो. वर्डमधून आधी पीडीएफ काढा, 'सेव्ह ॲज' करून, प्रिंट करून नव्हे. मग एसडब्ल्यूएफटूल्स नावाचा मुक्त संच आहे, त्यातलं पीडीएफटूएसडब्ल्यूएफ हे कमांडवर चालणारं साधन त्या पीडीएफवर चालवा. त्याला स्मॉल टीचा स्विच, म्हणजे कमांडमागे जोडायची खूण, दिला की प्रत्येक पानावर थांबायची आज्ञा घालतं. स्मॉल एफ दिला तर पूर्ण फॉन्ट फाइलमध्ये ठेवतं. जुनं साधन आहे, पण ऑफलाइन कामाला अजून चालतं.

यात एक खड्डा आहे. कॅपिटल टीने फ्लॅशची आवृत्ती ठरते. नेटवरच्या जुन्या उदाहरणांमध्ये सगळीकडे ९ लिहिलेलं सापडेल, ते डोळे झाकून घेऊ नका. २००६ मध्ये फ्लॅश प्लेअर ९ आला तेव्हा ॲक्शनस्क्रिप्ट ३ साठी, म्हणजे फ्लॅशच्या आज्ञांच्या नव्या भाषेसाठी, आत दुसरं इंजिन आलं. नव्या इंजिनवरची फाइल जुनी फाइल पोटात घेऊ शकते, उलटं होत नाही. तुमचा प्रोग्रॅम जुन्या इंजिनवरचा असला आणि तुम्ही त्याला ९ ची फाइल दिलीत तर उजवीकडे नुसता पांढरा चौकोन दिसेल आणि तुम्हाला वाटेल फाइल रिकामी आहे. ८ किंवा त्याखालचा आकडा ठेवा.

आधीची चालणारी एखादी फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडलीत तर पहिली तीन अक्षरं एफडब्ल्यूएस, सीडब्ल्यूएस किंवा झेडडब्ल्यूएस दिसतील, म्हणजे अनुक्रमे न दाबलेली, झिपच्या पद्धतीने दाबलेली, एलझेडएमएने दाबलेली. चौथा बाइट म्हणजे आवृत्ती. नव्या फाइलीत यापैकी काहीही जुन्यापेक्षा पुढचं असेल तर तिथेच थांबा.

वेलांटी
जुन्या फाइली सीडब्ल्यूएस आणि ६ आहेत. 'प्रत्येक पानावर थांबा' हा पर्याय खरंच दुसऱ्या टॅबमध्ये होता, लावला, पानं थांबली. तरी पीडीएफचा रस्ताही करून बघितला. त्यात टेबलांच्या रेघा बारीक येतात का? व्हर्च्युअल प्रिंटरमधून त्या जाडजूड दिसतात.

चौकटचाळीस
त्यात फरक पडणार नाही, ते प्लेअरचं काम आहे. एक पिक्सेलपेक्षा बारीक रेघ तो काढत नाही, त्यामुळे पान लहान करून बघितलं की अक्षरं लहान होतात आणि रेघा तेवढ्याच राहतात. वर्डमध्ये टेबलच्या रेघांचा रंग काळ्याऐवजी मध्यम राखाडी केलात तर डोळ्याला बरं वाटेल.

जोडाक्षर
धागा आवडला. वेलांटी ताई, तुमच्या प्रोग्रॅममध्ये शोधायची सोय आहे का आणि ती मराठीत चालते का? विचारायचं कारण, मी याच गोष्टीवर बरेच महिने डोकं आपटलंय.

वेलांटी
आहे, आणि नाही चालत. 'शक्ती' शोधलं तर शून्य. 'कमान' शोधलं तर सापडतं. मला वाटायचं हे माझंच काहीतरी चुकतंय.

जोडाक्षर
तुमचं काही चुकत नाहीये. हे जरा सविस्तर लिहितो कारण मराठीत कुठे लिहिलेलं मला सापडलं नव्हतं.

आपण टाइप करतो तेव्हा फाइलमध्ये 'श', 'क', हलन्त, 'त', दीर्घ वेलांटी असे सुटे संकेत साठतात, युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे. पडद्यावर मात्र फॉन्टमधले तयार आकार दिसतात. 'क्त' हा बऱ्याच फॉन्टमध्ये स्वतंत्र जोडलेला आकार असतो, त्याला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक नाही, तो फक्त फॉन्टच्या आतला क्रमांक. 'कि' मध्ये तर आणखी गंमत, ऱ्हस्व वेलांटी साठते 'क' च्या नंतर आणि काढली जाते 'क' च्या आधी. ही सगळी जुळवाजुळव विंडोज प्रिंटला पाठवण्याआधीच करून टाकतं. म्हणजे प्रिंटरकडे जे जातं ती अक्षरं नसतात, आकारांचे क्रमांक असतात. कागदावर छापायला तेवढं पुरेसं, कागद काही शोधून देत नाही. पण कन्व्हर्टरला त्या क्रमांकांवरून उलटं अक्षर ओळखायचं असतं. सुटं 'क' ओळखतो, 'म' ओळखतो, काना ओळखतो, म्हणून 'कमान' सापडलं. 'क्त' पुढे आला की त्याच्याकडे उत्तर नाही, तिथे तो रिकामी जागा किंवा भलतंच चिन्ह ठेवतो. आणि 'किरण' त्याच्या दृष्टीने आधी वेलांटी, मग 'क', असं उलटं साठतं, त्यामुळे दिसायला बिनचूक आणि शोधायला अदृश्य.

इंग्रजीत अक्षर आणि आकार बहुतेक एकास एक असल्यामुळे ही अडचण जवळजवळ येत नाही, म्हणून अशा सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकांमध्ये याबद्दल चकार शब्द नसतो. आपल्या भाषेतली माणसं मात्र वर्षानुवर्षं शोध खिडकीत शब्द टाकतात, शून्य बघतात आणि 'या पुस्तिकेत ते नसेल' असं धरून चालतात. यंत्राच्या देखभालीत हे फार वाईट.

आणि जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पुस्तिका असतील तर त्यांची गत आणखी वेगळी. तिथे मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे कॉपी केलं की इंग्रजी कचरा मिळतो. त्या आधी युनिकोडमध्ये बदलूनच घ्या.

वेलांटी
जोडाक्षर, हे वाचून खरंच डोळे उघडले. मग उपाय?

जोडाक्षर
प्रिंटच्या वाटेने शोध दुरुस्त करायच्या मागे लागू नका, माहिती तिथे वाटेतच गळून गेलेली असते. शोधासाठी मजकूर वेगळा काढा. वर्डमधूनच प्रत्येक पुस्तिका साध्या मजकुरात, यूटीएफ ८ (युनिकोड साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करा, फाइलचं नाव पुस्तिकेचंच. मग प्रोग्रॅमला हात न लावताही तो सगळा मजकूर एका फोल्डरात ठेवून कुठल्याही चांगल्या टेक्स्ट एडिटरमधून 'सगळ्या फाइलींत शोधा' चालवता येतं. शब्द कुठल्या पुस्तिकेत आहे ते कळलं की माणूस प्रोग्रॅममध्ये ती उघडेल. पान क्रमांक हवा असेल तर प्रत्येक पानाच्या सुरुवातीला हाताने एक ओळ घाला, 'पान ७' अशी. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच.

वेलांटी
दहा पुस्तिकांवर केलं. 'शक्ती' चार ठिकाणी सापडलं!

आता दोन गोष्टी राहिल्यात. एका पुस्तिकेत विद्युत जोडणीचा मोठा आराखडा आहे, पीडीएफच्या रस्त्याने गेलं की कमांड मध्येच थांबते आणि 'आयडी टेबल ओव्हरफ्लो' म्हणते. आणि ११ पुस्तिकांची मूळ वर्ड फाइलच सापडत नाहीये, फक्त एसडब्ल्यूएफ उरलीय.

चौकटचाळीस
आराखड्याचं सोपं आहे. एसडब्ल्यूएफमध्ये प्रत्येक आकाराला एक क्रमांक मिळतो आणि तो १६ बिटांत बसावा लागतो, म्हणजे एकूण ६५,५३६. आराखड्यातली प्रत्येक बारीक रेघ वेगळा आकार झाली की तेवढे क्रमांक संपतात. ही मर्यादा फॉरमॅटचीच आहे, दुसरा कन्व्हर्टर आणून सुटणार नाही. ते एक पान चित्र करून टाका, पोलिटूबिटमॅप नावाचा पर्याय आहे, किंवा आराखडा वर्डमध्येच मोठ्या रिझोल्यूशनच्या चित्राने बदला. झूम केल्यावर जरा धूसर दिसेल, म्हणून आराखडा चार तुकड्यांत चार पानांवर टाकलात तर आकडे वाचता येतील.

मूळ फाइली हरवल्यात त्याचं मला जास्त वाईट वाटतंय. पण हातातलं सगळं गेलेलं नाही. जेपेक्स नावाचा मुक्त डीकंपायलर, म्हणजे तयार फाइल उलगडणारा प्रोग्रॅम आहे, त्यात एसडब्ल्यूएफ उघडून एकेक फ्रेम पीडीएफ किंवा एसव्हीजी म्हणून काढता येते, रेघा-अक्षरं तीक्ष्ण राहतात. मजकूर मात्र जोडाक्षर म्हणाले तसाच मोडका येईल, तो समोर ठेवून परत टाइप करावा लागेल.

जोडाक्षर
टाइप करायला मी मदत करतो. ११ पैकी तीन माझ्याकडे पाठवा.

कागदविरहित
दोन माझ्याकडे. आणि वेलांटी, इथून पुढे प्रत्येक पुस्तिकेची वर्ड फाइल, पीडीएफ आणि मजकुराची फाइल एकाच फोल्डरात ठेवा, एसडब्ल्यूएफ त्यातून कधीही परत बनवता येते, उलटं कसं होतं ते आपण आत्ता बघतोच आहोत. नवा प्रोग्रॅम येईल तेव्हा त्याला पीडीएफच लागेल.

वेलांटी
काय बोलू, शब्द नाहीत. फाइली आज संध्याकाळी पाठवते.

हिशेब सांगते. १४० पैकी १२७ झाल्या. एक आराखड्याची, चार तुकडे करतेय. ११ परत टाइप होणार. एक उरली, तिच्यात उभ्या पानांच्या मध्ये तीन आडवी पानं आहेत आणि त्या आडव्या पानांची उजवी बाजू कापली जातेय. दोन्ही रस्त्यांनी तेच.

चौकटचाळीस
एसडब्ल्यूएफमध्ये पूर्ण फाइलला एकच मंचाचा आकार असतो, तो सुरुवातीलाच एकदा लिहिला जातो, पानागणिक बदलत नाही. ए४ उभं पान ५९५ बाय ८४२ पॉइंट, आडवं आलं की रुंदी ८४२ आणि मंच ५९५ चाच, म्हणून कापलं जातं. आडवी पानं वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि यादीत मूळ पुस्तिकेखाली 'तक्ते' म्हणून जोडा. नाहीतर वर्डमध्ये तेच टेबल चित्र करून ९० अंशात फिरवा, पण मग वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागेल.

वेलांटी
वेगळी फाइलच करते. यंत्रासमोर उभं राहून वाचायचं असतं त्यांना.

आत्ताच लावून बघितलं. तिन्ही तक्ते पूर्ण दिसतायत, शेवटचा रकानासुद्धा.